साठ मिनिटांची शिडी

माझी मतं ठाम आहेत आणि ती मी कुणी विचारायची वाट न बघता सांगते. गिटारवाल्यानं एकट्यानं मिनिटभरापेक्षा जास्त वाजवू नये. अल्बममधलं पहिलं गाणं कुणाचंही चांगलं असतं; चौथं ऐकावं, बँड किती पाण्यात आहे ते तिथे कळतं. रॉकपेक्षा पॉप अवघड, कारण रॉकमध्ये ओरडून वेळ मारून नेता येते, पॉपमध्ये गळा उघडा पडतो. आणि ज्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात वीस व्हायोलिनं येतात, त्या बँडकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. माझा नवरा म्हणतो, "हिच्याकडे कुणी पाणी मागितलं तरी आधी ही ग्लासाबद्दल मत देईल."

अशी मी. गेल्या आठवड्यात सलग चार दिवस मी एकही मत दिलं नाही, तेव्हा नवऱ्यानं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. आता सगळं निस्तरलंय म्हणून हसत सांगतेय. तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आधी अल्बमांची नावं सांगते, कारण ती आमच्या घरची नावं आहेत, बाहेर कुठे सापडायची नाहीत. मी पंधरा वर्षांची होते तेव्हा दादा एका कॅसेटच्या दुकानात कामाला होता. लोकांना हवा तो अल्बम दादा मालकाकडच्या रेकॉर्डवरून कॅसेटवर भरून द्यायचा. काम संपलं की एखाद्या उरलेल्या कॅसेटवर माझ्यासाठीही काहीतरी भरून आणायचा. त्या कॅसेटला कव्हर कुठलं असायला! मग तो दारात दिसला की मी विचारायचे, "चित्र काय होतं?" आणि तो चपला काढता काढता सांगायचा, "भिंतीला टेकवलेली शिडी. वर कुणीच नाही." झालं, तो अल्बम 'शिडी'. खुंटीवर टांगलेला आणि खाली थेंब गळणारा कोट, तो 'ओला कोट'. मग 'तीन खुर्च्या'. एक गायिका कव्हरवर पाठ करून उभी होती म्हणे, ती 'पाठमोरी'. खरी नावं मला पुढे कळली, पण ती माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत.

माझ्या यादीत 'शिडी' पहिला. तेहतीस वर्षांत त्याला कुणी हलवू शकलेलं नाही. 'पाठमोरी' दुसरा, कारण ती बाई प्रेमाबद्दल गाताना एकदाही लाचार होत नाही. 'ओला कोट' तिसरा. 'तीन खुर्च्या' पाचवा, त्यात दोन गाणी भरतीची आहेत. चौथी जागा मी मोकळी ठेवते, कधी काही नवीन आलंच तर. पण 'शिडी'ची गोष्टच वेगळी. त्यातल्या माणसांना कुठेतरी पोचायचंय आणि उशीर झालाय असं वाटतं. गाणारा पोरगा धापा टाकत गातो. काय ती घाई, काय तो दम! हे मी घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, जो सापडेल त्याला धरून सांगितलंय. दादा मात्र असं काही सुरू झालं की पाणी आणायला उठायचा. एके काळी कव्हरचं चित्र सांगणारा माणूस, दुकान सुटलं, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला, आणि गाण्यांबद्दल माझ्याशी बोलेनासाच झाला. मला ते लागायचं. माणसाला संसारात पडल्यावर गाण्यांचा कंटाळा येत असेल, असं म्हणून मी तो विषय मनातून काढून टाकला होता.

आता माझं काम. मी पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात मोटरी तपासते, एकोणीस वर्षं झाली. मोटर टेबलावर येते, मी ती चालू करते, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला लावते आणि लाकडी मूठ कानामागच्या हाडाला. मीटर विजेचं सांगतो, बेअरिंगचं सांगत नाही. बेअरिंगचं मूठ सांगते. चांगली मोटर एका ठरावीक सुरात गुणगुणते, आणि तो सूर माझ्या डोक्यात पक्का आहे, कारण तो 'शिडी'तल्या पहिल्या गाण्याचा पहिला सूर आहे. गिटारची तार एकदाच छेडलेली, लांबवर जाणारी. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या ते लक्षात आलं आणि मी आनंदानं दादाला फोन करून सांगितलं होतं. तेव्हापासून मोटर 'शिडी'त असली की पास, नसली की लाल चिठ्ठी.

गेल्या रविवारी माझा वाढदिवस होता. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, त्याला बारीक गोष्टी लक्षात ठेवायची सवय आहे. 'शिडी'ची माझी कॅसेट दहा वर्षांपूर्वी मशीननं खाऊन टाकली होती आणि तो अल्बम कुठेच मिळत नव्हता, हे त्यानं लक्षात ठेवलं. त्याच बँडचे तीन अल्बम नव्यानं निघाले, 'शिडी', 'ओला कोट' आणि 'तीन खुर्च्या', जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, तेव्हा त्यानं ते खोकं माझ्यासमोर ठेवलं. मी कव्हरवरची शिडी पहिल्यांदाच बघत होते. दादानं सांगितली होती अगदी तशी. मला रडूच आलं. नवरा म्हणाला, "आधी ऐक तरी, मग रड."

सीडी लावली. पहिली तार छेडली गेली आणि मी हातातलं कव्हर खाली ठेवलं.

सूर खाली होता. फार नाही, अर्ध्या सुराएवढा. दुसऱ्या कुणाला पत्ताही लागला नसता. मग गाणं सुरू झालं तेही जडजड, कुणी मागून सदरा धरून ओढावा तसं. पोरगा धापा टाकत नव्हता. मी बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं. तेच. मग 'ओला कोट' लावला, तर तो अगदी जिथल्या तिथे! मला हायसं वाटलं. मग 'तीन खुर्च्या' लावला, तो पुन्हा खाली.

"काय झालं?" नवऱ्यानं विचारलं.

"छान आहे," मी म्हणाले. माझ्याकडून 'छान आहे' एवढंच ऐकून त्याला तिथेच संशय यायला हवा होता.

खोक्यावर लिहिलं होतं, मूळ टेपवरून केलेलं आहे. म्हणजे ते बरोबर. मग चूक कोण? मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले आणि हिशोब जुळवला. दहा वर्षं मी कॅसेट ऐकलेली नाही, ऐकते त्या फक्त मोटरी. म्हणजे माझ्या डोक्यातला सूर हळूहळू वर सरकत गेला असणार, आणि त्या सरकलेल्या सुराला जुळतात म्हणून मी मोटरी पास करत गेले असणार. किती वर्षं? किती मोटरी? आणि 'ओला कोट' बरोबर लागला, ते तर आणखी वाईट. कान कायमचा बिघडला तर निदान अंदाज बांधता येतो. कधी खरं सांगणारा आणि कधी खोटं सांगणारा कान घेऊन माणसानं काय करायचं?

दर वर्षी कारखान्यात कान तपासायची गाडी येते. त्यात जो नापास होतो त्याला साहेब पॅकिंगला पाठवतात. पॅकिंग वाईट नाही, तिथेही माणसंच काम करतात. पण खोकी भरायला कान लागत नाहीत. मी दिसायला बेताची, शाळेत बेताची, स्वयंपाकात तर विचारूच नका. मला एक ऐकता येतं. तेच गेलं तर मी कोण, असा प्रश्न पडला. गाडी गुरुवारी येणार होती.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी कारखान्यात जे केलं त्याची आता लाज वाटते. मोटर चालू करायची, मूठ लावायची, सूर बरोबर वाटायचा, आणि म्हणूनच विश्वास बसायचा नाही. मी लाल चिठ्ठ्या लावत सुटले. बुधवारपर्यंत टेबलाशेजारी चौदा मोटरी रांगेत बसल्या होत्या. साहेब येऊन उभे राहिले.

"काय हो ताई, सगळ्या लॉटला सर्दी झालीय का?"

"पुन्हा ऐकायच्यात," मी म्हणाले.

"तुम्ही कधीपासून पुन्हा ऐकायला लागलात?" ते म्हणाले आणि गेले. चेष्टेनंच म्हणाले, पण मला वाटलं यांना कळलं.

घरीही मी गप्प. रेडिओ लागला की उठून जायचे. नवऱ्यानं बुधवारी संध्याकाळी हळूच विचारलं, "खोकं बदलून आणू का?" तेव्हा मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. तो हसला नाही. चष्म्याचं कापड काढून आपलाच चष्मा पुसत बसला, मग म्हणाला, "अगं, रोज कुणी ना कुणी येऊन मला म्हणतं की डोळे गेले. निम्म्या वेळा काच मळलेली असते."

"कानाला कुठे काच असते?"

"म्हणूनच म्हणतो, उद्या तपासू दे. आधीच कशाला सुतक धरतेस?"

गुरुवारी सकाळी अकराला माझा नंबर लागला. गाडीच्या आत एक छोटी खोली, भिंतींना स्पंज, कानावर जाड हेडफोन. तपासणारी बाई काचेपलीकडे. आवाज आला की बटण दाबायचं. आवाज इतका बारीक होत जातो की शेवटी आवाज आला का आपण तो कल्पिला हेच कळत नाही. मी घामाघूम झाले होते. माझ्या हृदयाचे ठोकेच इतके मोठे येत होते की त्यांनाच बटण दाबेन की काय असं वाटलं.

बाईंनी दार उघडलं. हातात कागद होता. त्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"वय किती म्हणालात?"

"अठ्ठेचाळीस."

"कान पंचविशीतले आहेत. कारखान्यात काम करणाऱ्या बाईचे असे कान मी बघितलेले नाहीत. बोळे घालता ना नेमानं?"

मी मान हलवली. जीव भांड्यात पडतो म्हणतात ना, तो पडल्याचा आवाजसुद्धा मला आला असता. पण लगेच दुसरी शंका आली, आणि मी ती विचारून घेतली. "ऐकू येतं हो, पण सूर उतरलेला ऐकू येतो. एका गाण्यात येतो, दुसऱ्यात नाही."

बाईंनी भुवया उंचावल्या. मग त्यांनी यंत्रावर दोन सूर लागोपाठ वाजवले, कुठला वर ते विचारलं. मी सांगितलं. फरक कमी कमी करत गेल्या, मी सांगत गेले. सातव्या-आठव्या वेळी त्या स्वतःच हसल्या. "मला तर आता यंत्रावर बघितल्याशिवाय सांगता येत नाहीये. वयानं कान उतरायला लागले की वरचे बारीक आवाज आधी जातात. एक अल्बम खाली आणि दुसरा बरोबर, असं कान निवडून करत नाहीत. तुम्ही ती गाणी तपासा, कान नका तपासू."

मी टेबलावर परत आले ती जवळजवळ पळतच. चौदाही मोटरी पुन्हा एकेक करून चढवल्या. तेरा निर्दोष. चौदावीच्या वेळी मुठीत अगदी बारीक खरखर होती. उघडून घेतली तर बेअरिंगमध्ये खरंच कचरा. भीतीनं मी तेरा चांगल्या मोटरींवर अन्याय केला होता, पण वाईट एकही सोडली नव्हती. साहेबांना सांगितलं, "सर्दी गेली." ते म्हणाले, "तुमची का मोटरींची?" मी म्हणाले, "दोघींची." पाळी संपेपर्यंत मी इतकी बडबडले की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं कानात बोळे घातले.

चार वाजता सुटले, साडेचारला घरी, चहासुद्धा न घेता 'शिडी' लावला. या वेळी न घाबरता ऐकला. कान चांगले आहेत हे कागदावर लिहून मिळालं की माणूस वेगळंच ऐकतो. गाणारा पोरगा नव्हताच. चाळिशीतला बाप्या होता, दमलेला, शब्द नीट चावून गाणारा. त्याला कुठेही उशीर झालेला नव्हता. मी कव्हर उलटून बघितलं. मूळ रेकॉर्डच्या बाजू किती मिनिटांच्या होत्या ते छापलं होतं: पहिली बाजू साडेएकतीस मिनिटं, दुसरी साडेएकतीस. 'तीन खुर्च्या'च्या बाजूही तीसच्या वरच. 'ओला कोट' मात्र छोटा, एकेक बाजू अठ्ठावीसची. मी ते आकडे बघत बसले आणि मला दादाच्या दुकानातल्या कॅसेट आठवल्या. सगळ्या साठ मिनिटांच्या. तीस या बाजूला, तीस त्या बाजूला.

फोन वहिनीनं उचलला. "अगंबाई, वन्सं! सगळं ठीक ना?"

"ठीक आहे, वहिनी. दादाला द्या ना जरा. 'शिडी'बद्दल विचारायचंय."

वहिनी तिथूनच ओरडली, "अहो, वन्संना शिडी हवीय म्हणे!" मग दादा आला आणि नुसतं "हं" म्हणाला.

"दादा, 'शिडी' भरलास तेव्हा तू नेमकं काय केलंस?"

"कळलं तुला," तो म्हणाला. आवाज इतका पडलेला की मला हसू दाबावं लागलं. "तुझ्या नवऱ्यानं महिन्यापूर्वी फोन करून विचारलं होतं, हिचे ते अल्बम नक्की कुठले. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. ऐक, रागावू नकोस. मालक नव्वदची कॅसेट ठेवायचाच नाही. फीत पातळ असते, मशीनमध्ये गुंतते म्हणायचा. अल्बम लांब निघाला तर दोनच मार्ग. एखादं गाणं गाळायचं, नाहीतर रेकॉर्डच्या मशीनचं वेगाचं बटण जरासं पुढे सरकवायचं, म्हणजे रेकॉर्ड थोडी जलद फिरते आणि बाजू तिसात बसते. सगळ्या गिऱ्हाइकांना आम्ही तसंच द्यायचो. कुणालाही कळलं नाही कधी."

"म्हणजे अख्ख्या गल्लीनं घाईतले अल्बम ऐकले!"

"तुझ्यासाठी गाळायला गाणं सापडेना गं मला. चिमे, मी खरंच बसलो होतो ठरवायला. सगळीच चांगली वाटली. मग सरकवलं बटण. आणि दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, दादा, या लोकांना कुठेतरी पोचायचंय! इतकी खूश होतीस. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचं परवा झालं. आणि मग तू कारखान्यात लागलीस आणि फोन केलास, की मोटरी त्याच सुरावर तपासते म्हणून. तेव्हा माझं धाबं दणाणलं. हिची नोकरी माझ्या बटणावर उभी आहे. एखाद दिवशी काही बिघडलं तर माझ्यामुळे. एकोणीस वर्षं मी हेच डोक्यात घेऊन फिरतोय."

मला एकदम सगळं दिसलं. लग्नांमधलं ते पाणी आणायला उठणं. मी 'शिडी'चं कौतुक सुरू केलं की त्याची खाली जाणारी मान. कंटाळा नव्हता तो.

"अरे वेड्या," मी म्हणाले, "मोटर मोटरीच्या सुरात वाजते. तुझं बटण नशिबानं नेमकं तिथे जाऊन बसलं, एवढंच. तू सरकवलं नसतंस तर मी दुसरं कुठलं तरी गाणं धरलं असतं. आजच कान तपासलेत. पंचविशीतले आहेत. मोटरीही तपासल्या. काहीही बिघडलेलं नाही."

"नक्की?"

"कागद आहे माझ्याकडे."

पलीकडून एक लांबलचक "हुश्श" आलं. मग दादा खाली बसल्याचा आवाज, खुर्ची करकरल्याचा. मला फार बरं वाटलं, इतकं की डोळे भरून आले. मी त्याला तसं सांगितलंही. तो म्हणाला, "मलाही."

मग त्यानं घसा साफ केला. "आता बोलू का?"

"काय?"

"अल्बमांवर. तेहतीस वर्षं तोंड दाबून बसलोय. तो विषय निघाला की भीती वाटायची, बोलता बोलता तोंडातून जायचं. तर आता ऐक. 'शिडी' पहिल्या नंबरचा नाहीच मुळी. तिसरा, फार तर. मी तो खऱ्या वेगानं ऐकलाय, दुकानात, दहादा. रेंगाळतो."

"रेंगाळत नाही!" मी ताडकन उठले. चार दिवस ज्या सीडीनं माझी झोप उडवली होती तिचीच बाजू घेऊन. "तो माणूस विचार करून गातो. रेंगाळणं वेगळं!"

"पहिला 'ओला कोट'. त्याला बटण लावायची गरजच पडली नाही, मोजूनमापून केलाय. आणि तुझी ती 'पाठमोरी'..."

"दादा, 'पाठमोरी'ला काही बोलू नकोस."

"बेसूर आहे ती बाई. प्रत्येक गाण्यात."

"बेसूर? तू मला सुराचं सांगतोस? तू?"

"चौथं गाणं ऐक तिचं. तूच म्हणतेस ना, चौथं ऐकावं?"

त्याचा आवाज चढला, माझाही चढला. वहिनी मागून काहीतरी म्हणाली, तिला त्यानं गप्प केलं. नवरा दारात येऊन विचारायला लागला की भांडण कशावरून चाललंय, मी हातानंच त्याला बाहेर पिटाळलं. दादा आता 'तीन खुर्च्या'तल्या भरतीच्या दोन्ही गाण्यांचं कौतुक करत होता. साफ चुकत होता, आणि मला त्याचा शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.